सावलीची बातमी

चंद्रपूरहून मूलमार्गे गडचिरोलीला जाणारी गाडी सावलीला थांबते, चार माणसे उतरतात, चार चढतात. दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या, वैनगंगा पुढे. या गावाच्या नावावर कुणी नामांकित संपादक जमा नाही. पण देशातला एक पहिल्या प्रतीचा बातमीदार इथे वही उघडून बसला होता, आणि त्याने इथून नेलेली बातमी नव्वद वर्षांनंतरही शिळी झालेली नाही.

फेब्रुवारी 1936 च्या अखेरीस गांधी सेवा संघाचे दुसरे वार्षिक अधिवेशन सावलीत भरले. गांधीजी नुकतेच रक्तदाबाच्या दुखण्यातून उठले होते. सोबत महादेवभाई देसाई होते. ते गांधीजींचे चिटणीस, आणि ‘हरिजन’ साप्ताहिकाची जबाबदारीही त्यांच्याकडेच. अलाहाबादच्या ‘इंडिपेंडंट’वर 1921 मध्ये सरकारची गदा आली, तेव्हा हाताने लिहिलेले अंक काढून तुरुंगात गेलेला हा माणूस.

गांधीजींच्या सावलीतल्या भाषणाचा महादेवभाईंनी केलेला वृत्तांत ‘हरिजन’च्या 28 मार्चच्या अंकात आला. गांधीवाद नावाची काही चीज नाही, मला मागे पंथ ठेवायचा नाही, हे गांधीजींचे प्रसिद्ध म्हणणे त्यातलेच. सभागृहांच्या भिंतींवर एवढाच तुकडा लावतात. खरी गंमत त्याच्या पुढे आहे. आधी नकार. मग, आजची माझी मते उद्या बदलतीलही. मग, मी नवे काही सांगितलेले नाही, सत्य आणि अहिंसा डोंगरांइतक्या जुन्या आहेत. मग, मी फक्त प्रयोग केले. आणि शेवटी, त्यांत चुकलोही. बोलणारा दर वाक्याला एकेक पायरी खाली उतरतो आहे. भाषण हिंदीत, छापले इंग्रजीत. तरी ही उतरण कुठे अडखळत नाही. अशा जागी भाषांतरकाराला जिना सजवायचा मोह होतो. महादेवभाईंनी साधा कठडाही लावलेला नाही.

पण मला सगळ्यांत आवडते ती चितेची गोष्ट. एका टीकाकाराने म्हटले होते, गांधी मेले की हे चरखे त्यांच्या चितेला लाकूड म्हणून कामी येतील. हे गांधीजींनी भर सभेत स्वतःच सांगितले. धन्याची अब्रू राखणाऱ्या चिटणिसाने ते गाळले असते. भक्ताने टीकाकाराला दोन शेलके शब्द ऐकवले असते. महादेवभाई गांधीजींना त्याला ‘चलाख’ म्हणू देतात आणि पुढे जातात. विनोद दुसऱ्याचा, बोचणारा, तरी जसाच्या तसा. लगेच उत्तर येते: तरी माझी चरख्यावरची श्रद्धा ढळलेली नाही, आणि ती पुस्तकांतून कशी पटवणार, माझे जगणेच काय ते दाखवील. हे उत्तर वजनदार वाटते ते आधीची कोपरखळी शाबूत ठेवल्यामुळे.

खोट काढायचीच तर एक आहे. या उताऱ्यात सावली दिसत नाही. तो सुरतेतही घडू शकला असता. आणि तरीही सावली माहीत असलेल्याला तो वेगळा लागतो. हे खादीचे गाव. आदल्याच वर्षी चरखा संघाने कातणाऱ्यांना पोट भरेल एवढी मजुरी द्यायचे ठरवले होते. त्या टीकाकाराला चरख्यात चितेचे लाकूड दिसले. इथल्या कातणारीची चूल त्याच चरख्यावर पेटत होती. सभा भरली ती तिच्या गावात.

महादेवभाई 15 ऑगस्ट 1942 रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असतानाच वारले. पंचवीस वर्षे त्यांनी दुसऱ्याचे शब्द टिपले, त्यामुळे त्यांचे स्वतःचे नाव त्या शब्दांखाली सहसा येत नाही. भिंतीवर ते वाक्य लावणाऱ्यांना एवढीच विनंती: गांधीजींच्या नावाखाली बारीक अक्षरांत का होईना, लिहा — सावली, 1936. टिपणारे, महादेव देसाई.