एक पुस्तक फुलांचे, एक पक्ष्यांचे

उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना रानवाटेने नेणाऱ्या शिक्षकाच्या पिशवीत सहसा दोन पुस्तके असतात. एक फुलांचे, दुसरे पक्ष्यांचे. या वाङ्मयाची परंपरा आपल्याकडे मोठी आहे. मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरचा थिओडोर कुक यांचा ग्रंथ (१९०१-१९०८) अभ्यासक आजही उघडतात. सालिम अली यांच्या 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स'ने (१९४१) सामान्य वाचकाला पक्षी ओळखायला शिकवले. पुढे रंगीत छायाचित्रांच्या पुस्तकांनी ही ओळख आणखी सोपी केली.

आमची तक्रार वेगळी आहे. वाटेवर फूल आणि पक्षी एकत्र भेटतात; पुस्तकांनी त्यांची फारकत केली आहे. मार्चमध्ये निष्पर्ण पांगाऱ्यावर मैना, बुलबुल, कावळे यांची झुंबड उडते. एका पुस्तकातून मैनेचे नाव कळते, दुसऱ्यातून पांगाऱ्याचे. पण झाडावर पान नसताना फूल का, आणि त्यावर एवढे पक्षी का, हे प्रश्न दोन पुस्तकांच्या मधल्या फटीत पडतात.

विशेष म्हणजे हे नाते सालिम अलींनीच फार आधी हाताळले होते. कोकणातील बांडगुळाच्या प्रसारावर १९३१ साली आणि भारतातील फुले व त्यांवर येणारे पक्षी यांवर १९३२ साली त्यांचे निबंध बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आंब्यावरच्या बांडगुळाच्या लांबट फुलातला मध शिंजीर पितो आणि परागीभवन घडवतो. फळ खातो फुलटोच्या. त्याच्याकडून बाहेर पडलेले चिकट बी फांदीला धरून राहते आणि तेथेच रुजते. हा सारा व्यवहार एका फांदीवर चालतो. तो समजायला विद्यार्थ्याला मात्र दोन पुस्तके चाळावी लागतात, आणि त्यांतही तो सलग सापडेलच असे नाही.

छायाचित्रांच्या अनेक पुस्तकांत फुले रंगावरून लावलेली असतात. नवख्याची सोय होते, हे मान्य. परंतु बहावा एकदा 'पिवळी फुले' या सदरात गेला की काम संपल्यासारखे वाटते. वास्तविक काम तेथून सुरू होते. बहाव्याच्या फुलात मध नसतो, तरी भुंगे येतात. त्याच्या दहा पुंकेसरांपैकी तीन लांब व बाकदार असतात. भुंगा इतर पुंकेसरांतून पराग काढत असता या तिघांचे पराग त्याच्या अंगाला लागतात. एवढे पाहायला दुर्बीणही लागत नाही. दहा मिनिटे सावलीत उभे राहावे लागते.

चाळीस नावांची यादी घेऊन परतलेला विद्यार्थी आपल्याला हुशार वाटतो, कारण यादीला गुण देणे सोपे असते. आमच्या मते त्याने एकच झाड नीट पाहिले असते तर अधिक बरे. तेव्हा शिक्षकांनी ही दोन्ही पुस्तके अवश्य न्यावीत, पण सोबत एक कोरी वहीही द्यावी. तीत तारीख, झाड, त्यावर कोण आले, काय घेऊन गेले, एवढेच लिहायचे. नावे संध्याकाळी शोधली तरी चालतात.