तारका गेली कुठे?

ब्रायन कर्निगन आणि डेनिस रिची यांचे ‘द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज’ (१९७८; दुसरी आवृत्ती १९८८) हे पुस्तक आटोपशीर आणि नेमके आहे. शिक्षकांनी ते जरूर वाचावे. पण दुसऱ्या आवृत्तीच्या पाचव्या प्रकरणातील एका स्वाध्यायाबद्दल आमची तक्रार आहे. आदेशाच्या ओळीत दिलेले गणित सोडवणारा ‘एक्स्पर’ हा प्रोग्रॅम त्यात लिहायचा आहे. आधी आकडे, मग चिन्ह, आणि गुणाकाराचे चिन्ह म्हणजे तारका (*).

समजा, एका डिरेक्टरीत पावसाच्या नोंदींच्या ‘भोर’ आणि ‘वेल्हे’ या दोनच फाइली आहेत. तिथून युनिक्सवर आपण आदेश दिला: एक्स्पर ५ ६ *

उत्तर ३० यायला हवे. पण प्रोग्रॅम सुरू होण्यापूर्वीच शेल तारकेच्या जागी फाइलींची नावे घालतो. प्रोग्रॅमच्या हाती पडते: ५, ६, भोर, वेल्हे. तारका त्याला दिसतच नाही! डिरेक्टरी रिकामी असेल तर मात्र बहुतेक शेल तारका तशीच पुढे देतात आणि उत्तर बरोबर येते. एमएस-डॉसमध्ये आदेश वाचणारा प्रोग्रॅम असा विस्तार करतच नसे.

तारका अवतरणचिन्हांत लिहिली की प्रश्न सुटतो. स्वाध्यायात एवढी एक ओळ हवी होती. ती नसल्यामुळे विद्यार्थी आपल्या निर्दोष प्रोग्रॅममध्येच चूक शोधत बसतो, आणि शेवटी ‘आपल्याला हे जमत नाही’ असे ठरवतो. म्हणून शिक्षकांनी आधी एक सवय लावावी: गणित करण्यापूर्वी, प्रोग्रॅमला प्रत्यक्ष काय मिळाले ते छापून पाहा.