विध्यर्थ आणि संकेतार्थ : हवामान-अनुकूलनाच्या शेतीशाळेची भाषा

मराठी व्याकरणकारांनी क्रियापदाचे जे चार अर्थ मानले आहेत, त्यांपैकी दोहोंचा शेतीच्या शिक्षणाशी निकटचा संबंध आहे. कर्तव्य सांगणारा तो विध्यर्थ : ‘बीजप्रक्रिया करून पेरणी करावी.’ एका गोष्टीवर दुसरी अवलंबून असल्याचे सांगणारा तो संकेतार्थ : ‘पाऊस लांबला तर पीक बदलावे लागेल.’ पाऊसमान स्थिर होते तोपर्यंत कृषिविस्ताराचे काम पहिल्या अर्थावर बऱ्याच अंशी भागत असे. हवामानबदलाच्या काळात शेतकऱ्यास गरज आहे ती दुसऱ्याची. शासकीय अनुदानावर चालणारे अनुकूलनाचे प्रशिक्षण या गरजेस कितपत उतरते, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय होय.

महाराष्ट्रात या प्रकारचा सर्वांत विस्तृत प्रयत्न म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प. जागतिक बँकेच्या 42 कोटी डॉलरच्या कर्जसाहाय्याने 2018 मध्ये त्याचा आरंभ झाला. मराठवाडा, विदर्भ व खानदेश मिळून आरंभी 15 जिल्हे आणि 5,142 गावे त्याच्या कक्षेत होती. पहिला टप्पा 2024 मध्ये संपला व दुसऱ्या टप्प्यासही शासनाने मान्यता दिली. ठिबक, शेततळे, शेडनेट यांची अनुदाने हे या प्रकल्पाचे एक अंग, तर शेतीशाळा हे दुसरे. पहिल्याची चर्चा पुष्कळ होते. दुसऱ्याची होत नाही. वस्तुतः अनुकूलन हे साधनापेक्षा निर्णयावर अधिक अवलंबून असते. पावसाच्या पाण्याने भरलेले शेततळे दुष्काळातील आधार ठरते. तेच तळे विहिरीचे पाणी उपसून भरले, तर शेजाऱ्याचा आधार नाहीसा होतो. साधन एकच, निर्णय निराळा.

शेतीशाळा ही कल्पना मूळची इंडोनेशियातील. तेथील भातपिकावर तपकिरी तुडतुड्यांचा प्रादुर्भाव वाढला, तेव्हा शासनाने 1986 मध्ये 57 कीटकनाशकांचा भातावरील वापर बंद केला; आणि 1989 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या साहाय्याने या शाळा सुरू झाल्या. सुमारे पंचवीस शेतकऱ्यांचा गट हंगामभर दर आठवड्यास शेतात जमे, रोपे निरखी, किडी व त्यांचे शत्रू मोजी, पाहिलेले कागदावर रेखाटी आणि त्या आठवड्यात काय करावयाचे ते वाद घालून ठरवी. प्रशिक्षकाने उत्तर द्यावयाचे नाही, प्रश्न विचारावयाचा, हा दंडक होता. म्हणजे ही शाळा मुळातच संकेतार्थाची होती : अमुक इतक्या किडी दिसल्या तर काय, आणि त्यांना खाणारे कोळी त्याहून अधिक असले तर काय. याच धर्तीवर पुढे पश्चिम जावातील इंद्रमायू येथे हवामानाची शेतीशाळाही निघाली.

मोठ्या योजनेत शिरताच या शाळेची भाषा बदलू लागते. कृषिविषयक पुस्तिका व शिफारशी चाळल्यास वाक्यामागून वाक्य ‘करावी’, ‘द्यावे’, ‘घ्यावी’ असेच आढळते. हा दोष लेखकांचा नव्हे. तो हिशेबाच्या पद्धतीतून उद्भवतो. कृषी विद्यापीठ असो, कृषी विज्ञान केंद्र असो वा कराराने नेमलेली संस्था असो, प्रशिक्षण देणाऱ्यास खर्चाचा दाखला द्यावा लागतो, आणि दाखला देता येतो तो झालेल्या वर्गांचा, हजेरीपटावरील सह्यांचा व छायाचित्रांचा. शेतकऱ्याने पुढल्या आषाढात पेरणी आठ दिवस थांबवली, याची नोंद कोणत्याही देयकात बसत नाही. विध्यर्थी वाक्य एका तासात शिकवून होते. संकेतार्थी वाक्य शिकवावयाचे तर ती अट प्रत्यक्षात येईपर्यंत थांबावे लागते. ज्यास वर्गागणिक मोबदला मिळतो, त्याने थांबावे कशासाठी?

ही केवळ शंका नव्हे. फेडर, मुर्गाई व क्विझॉन यांनी 2004 मध्ये इंडोनेशियातील शाळांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात शाळा केलेल्यांच्या उत्पादनात वा कीटकनाशकांच्या वापरात उल्लेखनीय फरक आढळला नाही. अनेक देशांतील अभ्यासांचा 2014 मध्ये झालेला पद्धतशीर आढावाही असेच सांगतो : लहान प्रयोगांत लाभ दिसतो, विस्तृत योजनांत तो विरतो, आणि शाळेत न आलेल्या शेजाऱ्यापर्यंत ज्ञान झिरपत नाही. कल्पना खोटी नव्हती. विस्तारताना तिचा प्राण मागे राहिला.

विध्यर्थ सर्वस्वी टाकाऊ आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. सोयाबीनची उगवणक्षमता घरी तपासावी, रुंद वरंबा-सरीवर पेरावे, हे उपदेश बहुतेक वर्षी हितावहच असतात. प्रश्न उरतो तो उपदेश संपल्यानंतरचा. 1901 पासूनच्या नोंदींत 2023 चा ऑगस्ट हा देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. सरासरीहून 36 टक्के पाऊस कमी पडला. पीक फुलोऱ्यात असताना पाऊस दडून बसला, की उरलेले पाणी कोणत्या तुकड्यास द्यावयाचे आणि कोणत्याची आशा सोडावयाची, याचे उत्तर ‘करावे’ या क्रियापदात सापडत नाही.

संकेतार्थी ज्ञानाचा तुटवडा आहे, असेही नाही. हैदराबादच्या कोरडवाहू शेती संशोधन संस्थेच्या पुढाकाराने जिल्हावार आपत्कालीन पीक आराखडे तयार झाले आहेत. पाऊस दोन आठवडे लांबला तर काय, चार लांबला तर काय, अशीच त्यांची रचना आहे. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावाचून पेरू नये, हा कृषी विभागाचा नित्याचा सल्लाही अटीचाच आहे. सहदेव-भाडळीच्या परंपरेतील पर्जन्यविचाराची शास्त्रीय किंमत काहीही असो, त्याची भाषा ‘असे दिसले तर तसे होईल’ हीच होती. मराठी शेतकऱ्याच्या कानास ही वाक्यरचना परकी नाही.

महात्मा फुले यांनी 1883 मध्ये पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात सरकारास जे उपाय सुचविले, त्यांत पावसाचे पाणी शेतात मुरविणाऱ्या बंधाऱ्यांबरोबर दरवर्षी पिकांची व औत हाकण्याची परीक्षा घेऊन उत्तम शेतकऱ्यांस बक्षिसे द्यावीत, अशीही सूचना आहे. तीत परीक्षेचे स्थान शेत आहे आणि उत्तरपत्रिका पीक आहे. अनुदानित शेतीशाळेस याहून योग्य कसोटी सुचविणे कठीण. प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेच्या मोबदल्याचा काही भाग राखून ठेवावा, पुढील हंगामात पाऊस खंडल्यावर तिने त्याच शेतकऱ्यांच्या बांधावर पुन्हा जावे, त्यांनी कोणते निर्णय घेतले व का घेतले ते लिहून आणावे, आणि मगच तो भाग अदा व्हावा. तसे झाले तर हजेरीपटास अर्थ येईल. न झाले तर शाळा भरत राहतील, आणि पावसाने अट घातली की शेतकरी पूर्वीसारखाच एकटा उरेल.