पोकेमॉन रेड: संग्रह गेम शिकवतो, संशोधन त्याच्या चुका शिकवतात

नेट, सेट किंवा पेटची तयारी करताना 'निरीक्षण', 'गृहीतक', 'पुरावा' या शब्दांच्या व्याख्या आपण पाठ करतो. पण नोंद आणि पुरावा यात फरक काय, हे उदाहरणाशिवाय डोक्यात बसत नाही. म्हणून आज एका जुन्या गेमची चिकित्सा करूया: गेम बॉयवरचे 'पोकेमॉन रेड' आणि 'ब्लू'. गेम फ्रीक कंपनीने १९९६ मध्ये जपानमध्ये 'रेड' आणि 'ग्रीन' आणले, १९९८ मध्ये अमेरिकेत 'रेड' आणि 'ब्लू' आले. गेम बॉय हे यंत्र माझ्या ओळखीत फारसं कुणाकडे नव्हतं. आम्ही आधी कार्टून पाहिलं, मग संगणकावर किंवा मोबाइलवर एम्युलेटर टाकून खेळलो.

आधी जमेची बाजू. या गेमचे जनक सातोशी ताजिरी लहानपणी किडे गोळा करायचे आणि ते वेड गेममध्ये जागोजागी दिसतं. प्रोफेसर ओक तुमच्या हातात पोकेडेक्स देतो आणि काम सांगतो: सगळ्या पोकेमॉनची नोंद कर. पोकेडेक्समध्ये 'पाहिलेले' आणि 'पकडलेले' असे दोन वेगळे आकडे असतात. दिसणं आणि हाती लागणं यातला फरक इतक्या साधेपणाने क्वचितच कुणी शिकवला असेल. दुसरं म्हणजे हा संग्रह एकट्याने पूर्ण होत नाही. एकान्स फक्त 'रेड'मध्ये सापडतो, सँडश्रू फक्त 'ब्लू'मध्ये. बाकीच्यांसाठी केबल जोडून दुसऱ्या खेळाडूशी अदलाबदल करावी लागते. चार छटांच्या छोट्याशा पडद्यावर सहकार्य हा खेळाचा नियमच करून टाकला, हे मोठं काम आहे.

आता उणी बाजू. पोकेमॉन पकडला की पोकेडेक्स आपोआप भरतो: उंची, वजन, वर्णन, एवढंच काय, तो कुठे कुठे सापडतो तेही. तुम्ही काहीच मोजलेलं नसतं. याउलट आमच्या पैठणचं नाथसागर घ्या. १९८६ मध्ये जाहीर झालेल्या जायकवाडी पक्षी अभयारण्यात हिवाळ्यात चक्रवाक दिसला, तर वहीत फक्त नाव लिहून भागत नाही. तारीख, वेळ, जागा, संख्या आणि किती वेळ पाहत होतो हेही लिहावं लागतं. दोन तास थांबूनही दिसला नाही, तर तीही नोंदच. पोकेडेक्समध्ये यातलं काहीच नाही. 'शोधलं, पण सापडलं नाही' यासाठी तर जागाच नाही. १५१ चा आकडा पूर्ण होतो, पण त्यातून एकही प्रश्न सुटत नाही.

शब्दांचाही घोळ आहे. एकच प्राणी मोठा होऊन रूप बदलतो, त्याला गेम 'उत्क्रांती' म्हणतो. सुरवंटाचं फुलपाखरू होतं ते रूपांतरण. उत्क्रांती पिढ्यान् पिढ्या, समूहात घडते. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हा शब्द गेममधून उचलू नये.

पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते या गेममधल्या चुकांनी. १०० टक्के अचूक मानला जाणारा वारही कधीतरी चुकतो. कारण साधं आहे. गेम ० ते २५५ मधला एक आकडा यादृच्छिकपणे काढतो आणि तो २५५ पेक्षा लहान असेल तरच वार लागतो. नेमका २५५ आला की वार वाया, म्हणजे २५६ पैकी एकदा. आता विचार करा, हे तुम्ही प्रयोगाने कसं पकडाल? १०० वेळा वार करून पाहिला, तरी एकदाही न चुकण्याची शक्यता जवळपास ६८ टक्के आहे. निदान एक चूक दिसण्याची ९५ टक्के खात्री हवी असेल, तर सुमारे ७६६ वार लागतील. '१०० वेळा पाहिलं, कधीच झालं नाही' हे वाक्य आपल्या प्रबंधात किती सहज येतं!

दुसरं उदाहरण 'फोकस एनर्जी'चं. या चालीने जबर घाव बसण्याची शक्यता वाढायला हवी, प्रत्यक्षात ती चौथाईवर येते. रॅटाटाची मुळातली शक्यता साधारण १४ टक्के. फोकस एनर्जी वापरल्यावर ती ३.५ टक्के होते. तरीही खेळाडू ती चाल विश्वासाने वापरत राहिले. चाल वापरल्यावर जबर घाव बसला की तो लक्षात राहतो, न बसलेले मोजतो कोण? खरं काय ते कळलं ते खेळाडूंनी गेमचा कोड उलगडून वाचल्यावर. तिथे त्यांनी गेमचा दावा बाजूला ठेवून यंत्र प्रत्यक्ष काय करतं ते पाहिलं. प्रयोगशाळेत उपकरणावरच्या लेबलाकडेही असंच पाहायला हवं.

म्हणजे गेम म्हणून 'रेड' आजही खेळावासा वाटतो: आटोपशीर, कल्पक, मित्र जोडणारा. संशोधनाचा नमुना म्हणून मात्र तो अपुरा आहे, कारण त्यात उत्तरं आयती मिळतात. पीएचडीतही नमुने, फायली, प्रमाणपत्रं गोळा करत पोकेडेक्स भरत बसण्याचा मोह होतो, आणि चौथ्या वर्षी मार्गदर्शक विचारतात, "बरं, प्रश्न काय होता?"

तुमच्यासाठी एक सराव. फोकस एनर्जीची चूक कोड न वाचता सिद्ध करायची आहे. तुलनेसाठी दोन गट कसे कराल, कोणत्या गोष्टी सारख्या ठेवाल, प्रत्येक गटात किती वार मोजाल? हे सगळं वार सुरू करण्याआधी कागदावर लिहा.