नाते, सोयरीक आणि रसायन

‘अमुक कवीच्या कवितेचे तमुक परंपरेशी आंतरिक नाते आहे’ हे मराठी समीक्षेतील एक सुखावह विधान आहे. ते कोणालाही खोडून काढता येत नाही आणि त्यामुळे कोणाला सिद्धही करावे लागत नाही. नाते, अनुबंध, जवळीक, साधर्म्य, समानधर्मिता हे शब्द अशा लेखनात एकमेकांच्या जागी सहज वापरले जातात. हे नाते रक्ताचे, शेजाराचे की ठरवून जोडलेले, हा प्रश्न पुढे येत नाही. दैनंदिन मराठी मात्र या बाबतीत समीक्षकापेक्षा अधिक काटेकोर आहे. ती ‘सगा’ आणि ‘सोयरा’ यांची जोडी करते, पण त्यांची गल्लत करीत नाही. जानेवारी 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने जातप्रमाणपत्राच्या नियमांत दुरुस्ती सुचविणारी मसुदा-अधिसूचना काढली तेव्हा ‘सगेसोयरे’ या जोडशब्दाच्या व्याख्येवरून राज्यभर वाद झाला. सोयरिकीची हद्द कोठे संपते हा प्रश्न केवळ कोशकाराचा नाही, याची आठवण त्या वादाने करून दिली.

सोयरीक ही नात्याची गौण शाखा नव्हे. ती नात्याची दुसरी जात आहे. लॅटिन भाषेतील ‘अफिनितास’ ही संज्ञा याच जातीची. तिच्या मुळाशी ‘फिनिस’, म्हणजे सीमा हा शब्द आहे. ज्यांची शीव एकमेकांना लागून आहे ते शेजारी. आणि पुढे विवाहामुळे ज्यांची घराणी एकमेकांना लागून आली ते सोयरे. रोमन कायदा रक्तसंबंधाला वेगळ्या नावाने ओळखत असे. सोयरिकीत सीमा पुसली जात नाही, ती असावीच लागते. मराठी समाजात सगोत्र विवाह वर्ज्य मानला गेला तो याच न्यायाने. जे आधीच एक आहेत त्यांच्यात सोयरीक होऊ शकत नाही. ही साधी गोष्ट ध्यानात घेतली तर ‘साम्य’ आणि ‘जवळीक’ यांना समानार्थी मानणाऱ्या समीक्षेची अडचण लगेच उघड होते.

अर्थात मराठी मुलखात हा भेद नेहमीच इतका स्वच्छ राहत नाही. इरावती कर्वे यांनी भारतातील आप्तसंबंधांच्या आपल्या अभ्यासात (1953) महाराष्ट्राला उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील पद्धतींच्या मधल्या पट्ट्यात ठेवले. येथील अनेक जातींत मामाची मुलगी करून घेण्याची चाल होती व काही प्रमाणात अजूनही आहे. अशा घरात सासू ही आधीच आत्या असते आणि आत्याच्या यजमानांना अनेक कुटुंबांत मामाच म्हणतात. पण लक्षणीय गोष्ट पुढची आहे. सर्वस्वी परक्या घरी दिलेली मुलगीही सासऱ्यांना ‘मामंजी’ आणि कित्येक ठिकाणी सासूला ‘आत्याबाई’ म्हणत आली. नाते आधी नव्हते. संबोधन मात्र ते आधीपासून असल्याचे गृहीत धरते. लुई द्यूमाँ यांनी 1957 मध्ये दक्षिण भारतीय विवाहसंबंधांविषयी मांडलेला विचार येथे आठवतो. त्यांच्या मते सोयरीक हीच तेथे पिढ्यान्‌पिढ्या वारशाने चालते. मामा हा केवळ आईचा भाऊ नसून प्रथम तो बापाचा सोयरा आहे. निवडलेले नाते वारशाचे रूप धारण करते, ही ती प्रक्रिया. वाङ्मयीन परंपरांच्या बाबतीतही तीच घडते, आणि तुकोबांनी झाडावेलींना जे नाते दिले ते रक्ताचे नव्हे, सोयरिकीचे, हे वाचकाच्या सहसा लक्षात राहत नाही ते या सवयीमुळेच.

युरोपात हाच शब्द रसायनशास्त्रात गेला. 1718 मध्ये एत्येन फ्रांस्वा जोफ्र्वा याने पॅरिसच्या अकादमीपुढे सोळा स्तंभांचा एक तक्ता ठेवला. प्रत्येक स्तंभाच्या शिरोभागी एक द्रव्य आणि त्याखाली त्याच्याशी संयोग पावणारी द्रव्ये उतरत्या क्रमाने, अशी त्याची मांडणी होती. वरचे द्रव्य आले की खालच्याला हुसकून लावते. जोफ्र्वाने स्वतः सावधपणे ‘संबंध’ असाच शब्द वापरला. 1775 मध्ये स्वीडनच्या टोर्बेर्न बेरीमान याने मात्र आपल्या लॅटिन ग्रंथाच्या नावातच ‘निवडीचे आकर्षण’ असे म्हटले. येथे निवड म्हणजे एकाला धरणे आणि त्याच क्षणी दुसऱ्याला सोडणे. रासायनिक नात्याचा हा विशेष कुटुंबाच्या कल्पनेत नव्हता.

या अर्थाला भारतीय परंपरेतून प्रतिशब्द शोधू गेल्यास ‘स्नेह’ सर्वप्रथम सुचतो आणि तो फसवा ठरतो. वैशेषिकांच्या चोवीस गुणांत स्नेह आहे. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात पीठ वा चूर्ण यांचा गोळा होण्यास कारण असणारा गुण म्हणजे स्नेह, आणि तो फक्त जलाच्या ठायी असतो, असे प्रतिपादन आहे. तेलातुपातला ओशटपणाही नैयायिक त्यातील जलांशाकडेच लावतात. कणीक मळणाऱ्या हाताला हे शास्त्र वेगळे शिकवावे लागत नाही. आयुर्वेदातील स्नेहन, पत्राखाली लिहिले जाणारे ‘स्नेहांकित’, संक्रांतीच्या तिळातले तेल या सगळ्यांत हाच एक धागा आहे, आणि भौतिक व भावनिक अर्थ येथे इतके एकजीव आहेत की कोणता मूळचा आणि कोणता लाक्षणिक हे सांगणे व्यर्थ. परंतु स्नेह कोणाला हुसकून लावीत नाही. तो विस्कळीताला एकत्र आणतो. पूर्वी जोडलेले तोडत नाही. उलट ‘आसक्ती’ किंवा ‘आकर्षण’ म्हटले तर ओढ येते, पण निवड येत नाही. आणि ‘बंधुता’ म्हटले तर भावकी येते, जिला रसायनात जागाच नाही. पारिभाषिक शब्दाची ही अडचण भाषांतरकाराच्या कौशल्याची नसून संकल्पनेच्या घडणीची आहे.

गटेच्या ‘डी वाल्फेरवांड्शाफ्टेन’ (1809) या कादंबरीचे महत्त्व असे की ती या अर्थांच्या गोंधळातूनच सुरू होते. पहिल्या भागाच्या चौथ्या प्रकरणात एडुआर्ड एका शास्त्रीय पुस्तकातून मोठ्याने वाचत आहे. त्याची पत्नी शार्लोट शेजारून पुस्तकात डोकावते, त्यावर तो चिडतो. तिचा खुलासा मासलेवाईक आहे : नात्यांविषयी काही वाचले जाते आहे असे कानावर आले आणि तिला त्या वेळी डोकेदुखी होऊन बसलेले आपले दोन चुलतमामेभाऊ आठवले. जर्मन भाषेत नातलग आणि रासायनिक ओढ यांना शब्द एकच. मग कॅप्टन चुनखडीचे उदाहरण देतो. तिच्यावर विरल गंधकाम्ल घातले की चुना त्या आम्लाशी संयोग पावून जिप्सम होतो आणि चुन्याशी आजवर बांधलेले वायुरूप आम्ल निसटून जाते. पुढे अक्षरांची मांडणी येते : अ-ब आणि क-ड ही दोन युग्मे, संयोगानंतर कोण कोणाकडे जाईल? एडुआर्ड विनोदाने ही अक्षरे घरातल्या माणसांना वाटून टाकतो आणि तेथेच चुकतो. कॅप्टन आपल्याला पत्नीपासून जरा दूर ओढील, म्हणून तिच्या सोबतीला ओटिलीला बोलवावे, असा त्याचा हिशेब. प्रत्यक्षात तो स्वतःच ओटिलीकडे ओढला जातो आणि शार्लोट कॅप्टनकडे. समीकरण खरे ठरते. ते वाचणारा खोटा ठरतो.

या प्रसंगातील खरी समीक्षक शार्लोट आहे. तिला निवड हा शब्दच मान्य नाही. चुन्याने काय निवडले? फार तर ती निसर्गाची सक्ती, आणि कदाचित तेवढीही नव्हे. जवळ येण्याची संधी मिळाली इतकेच. निवड असलीच तर ती द्रव्यांना एका पात्रात आणणाऱ्या रसायनज्ञाच्या हाती आहे. शिवाय तिला कणव वाटते ती निसटलेल्या वायूची. आता तो अनंतात भटकत राहणार! कॅप्टन तिची समजूत घालतो की तो पाण्याशी संयोग पावेल आणि आरोग्यदायी झऱ्याच्या रूपाने लोकांच्या उपयोगी पडेल. हे उत्तर चतुर आहे, पण ते पुरेसे नाही हे कादंबरी पुढे दाखवते : विवाहाच्या चौकटीत जन्मलेले, चेहरेपट्टी कॅप्टनची आणि डोळे ओटिलीचे घेऊन आलेले मूल ओटिलीच्या हातून तळ्यात पडून बुडते, ती अन्न टाकून मरते, एडुआर्डही फार काळ जगत नाही.

कॅप्टन आपल्या स्पष्टीकरणाच्या आरंभी सांगतो की हे ज्ञान सुमारे दहा वर्षांपूर्वीचे आहे, नव्या मतांशी ते जुळते की नाही हे त्याला माहीत नाही. हे वाक्य बहुतेक वाचकांकडून निसटते. दरम्यान खरोखरच बरेच काही घडले होते. क्लोद लुई बेर्तोले 1798 मध्ये नेपोलियनबरोबर ईजिप्तला गेला आणि तेथील खाऱ्या सरोवरांच्या काठी त्याला मीठ व चुनखडी यांच्यापासून सोडा तयार होताना दिसला. प्रयोगशाळेत ही क्रिया नेमकी उलट दिशेने होते. चुनखडीचा प्रचंड साठा असला की तक्त्यातील क्रम उलटू शकतो, हा निष्कर्ष त्याने 1803 च्या ग्रंथात मांडला. ओढ ही केवळ द्रव्याच्या स्वभावात नसते. प्रमाण आणि परिस्थिती तिची दिशा ठरवतात. शार्लोटची ‘संधी’ ती हीच. 1864 मध्ये नॉर्वेच्या गुल्डबर्ग आणि वोगे यांनी या विचाराला गणिती रूप दिले. त्यांच्या निबंधाचे नाव रासायनिक ओढीविषयीचे अध्ययन असेच होते, आणि योगायोग असा की हे दोघे एकमेकांचे सोयरे होते.

आधुनिक जीवरसायनशास्त्रात ही संकल्पना मोजता येण्याजोगी झाली आहे आणि तिच्यातील स्नेहाचा लवलेशही गेला आहे. कार्बन मोनॉक्साइडची रक्तातील हिमोग्लोबिनशी असलेली ओढ प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक आहे. बंद न्हाणीघरात गॅस गीझरमुळे माणसे दगावतात ती या ‘आंतरिक नात्या’पायीच. समीक्षेत मात्र ‘उत्कट नाते’ हे नेहमीच प्रशंसापर विशेषण असते.

समाजशास्त्रात हा शब्द गटेकडून माक्स वेबरने उचलला. प्रॉटेस्टंट नीती आणि भांडवलशाहीची वृत्ती यांविषयीच्या 1904-05 च्या लेखनात त्याला या दोहोंत कार्यकारणभावाचा सरळ दावा करायचा नव्हता आणि निव्वळ योगायोगही म्हणायचे नव्हते. 1930 च्या इंग्रजी भाषांतरात टॅल्कट पार्सन्सने या जागी ‘सहसंबंध’ या अर्थाचा शब्द ठेवला आणि रसायनाचा सगळा वास धुऊन गेला. वाङ्मयाच्या समाजशास्त्रात पुढे या संज्ञेचा जो सैल वापर झाला त्याचे खापर एकट्या पार्सन्सवर फोडता येणार नाही; वेबरनेही तिची व्याख्या दिली नव्हती. पण संज्ञा सैल झाली की सर्वांत आधी हरवतो तो तुटण्याचा अर्थ.

मराठीत या हरवलेल्या अर्थाची सर्वाधिक गरज आहे ती दलित साहित्य आणि आफ्रिकी-अमेरिकी साहित्य यांच्या संबंधाविषयी बोलताना. म. ना. वानखडे, जनार्दन वाघमारे यांच्या लेखनापासून हा विषय मराठीत रुजला. नंतरच्या प्रबंधांत मात्र त्याची दोन ठरावीक उत्तरे झाली. एक म्हणजे ‘प्रभाव’, ज्यात एक पक्ष दाता व दुसरा याचक ठरतो. दुसरे म्हणजे ‘साम्य’, ज्यात जात आणि वंश यांतील भेद सपाट होतो. दोन्ही उत्तरे रक्तसंबंधाच्या नमुन्यावर बेतलेली आहेत. वस्तुस्थिती सोयरिकीची आहे. जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ (1873) गुलामांची दास्यातून मुक्तता करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केली. ती आदरांजली मुक्त करणाऱ्यांना होती, मुक्त झालेल्यांशी संवाद नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 1946 मध्ये डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिले ते संयुक्त राष्ट्रांपुढील अर्जाची माहिती मागण्यासाठी. येथे दोन समाजांचे प्रतिनिधी समोरासमोर आहेत. 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर स्थापन झाली तेव्हा 1966 च्या ब्लॅक पँथर पक्षाचे नाव उघडपणे स्वीकारले गेले. या तीन घटना एकाच ‘परंपरे’चे टप्पे म्हणून ओवण्याचा मोह होतो. तसे केले की मामंजी म्हणून हाक मारताच मामा आधीपासून होता असे ठरते.

जोफ्र्वाच्या तक्त्याचा प्रश्न येथे विचारायला हवा. नवे नाते जुळले तेव्हा कोणते सुटले? 1972 च्या नामकरणाने दूरच्या एका चळवळीशी नाते जोडले, तसेच जवळच्या दोन गोष्टींशी असलेले सैल केले : गटबाजीने थकलेल्या रिपब्लिकन राजकारणाशी आणि अभिरुचीच्या नावाने चालणाऱ्या मध्यमवर्गीय मराठी साहित्यव्यवहाराशी. ‘साम्य’ या शब्दात हे तुटणे मावत नाही, आणि त्यामुळे नामदेव ढसाळांच्या भाषेतील तोडफोड केवळ व्यक्तिगत शैली म्हणून नोंदवली जाते. बेर्तोलेचा प्रश्नही बाजूला ठेवता येत नाही. हीच ओढ दहा वर्षे आधी का प्रकट झाली नाही, याचे उत्तर दोन साहित्यांच्या ‘आत्म्या’त शोधून मिळणार नाही, ते महाविद्यालये, नियतकालिके, शहरातली बेकारी आणि इंग्रजीशी आलेला संपर्क यांच्या प्रमाणात शोधावे लागेल.

राहिला शार्लोटचा वायू. पँथरच्या सोयरिकीत दोन्हीकडे बोलणारे पक्ष प्रामुख्याने पुरुषांचे होते. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ 1986 मध्ये पुस्तकरूपाने आले तेव्हाही त्याचे नाते तुलनाकारांनी लवकर जुळवले नाही. शर्मिला रेगे यांचा दलित स्त्रियांच्या वेगळ्या बोलण्याविषयीचा इंग्रजी निबंध 1998 चा; कृष्णवर्णीय स्त्रीवादाशी गांभीर्याने केलेली तुलनाही साधारण त्याच सुमारास आकाराला येते. परंतु 1989 मध्ये ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ सिद्ध केले, तेव्हा त्या परदेशी सोयऱ्यांकडे गेल्या नाहीत. आंबेडकरी चळवळीतल्या वृद्ध स्त्रियांच्या घरी जाऊन त्यांनी मुलाखती घेतल्या.