जिद्दीची कथा आणि छेदलेला चेतातंतू : ‘नाचे मयूरी’चे पुनर्वाचन

प्रस्तावना :
मुंबईच्या भरतनाट्यम् नर्तिका सुधा चंद्रन यांचा पाय 1981 च्या बस अपघातानंतर छाटावा लागला. ‘जयपूर फूट’च्या साहाय्याने 1984 मध्ये त्या पुन्हा रंगमंचावर आल्या. त्यांच्या जीवनावरील ‘नाचे मयूरी’ (1986) या हिंदी चित्रपटात नायिकेची भूमिका त्यांनीच केली. या कथेतील वेदनेच्या स्थानाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन :
अपघात, जिद्द आणि पुनरागमन असा चित्रपटाचा सरळ नाट्यबंध आहे. त्यात वेदना ही इच्छाशक्तीची कसोटी ठरते. नाट्यदृष्ट्या हे परिणामकारक असले, तरी त्यातून एक घातक समज दृढ होतो. ज्याला कृत्रिम पाय सोसवत नाही, त्याचीच जिद्द अपुरी, असा तो समज होय. वैद्यकशास्त्र यास दुजोरा देत नाही. छेदलेल्या चेतातंतूच्या टोकाला नवे तंतू फुटतात. पुढचा मार्गच न उरल्याने ते व्रणाच्या ऊतींत गुंततात व ‘न्यूरोमा’ ही गाठ तयार होते. सॉकेटचा दाब पडताच तिच्यातून विजेच्या झटक्यासारखी कळ उठू शकते. ही कळ मनोदौर्बल्यातून येत नाही.

पूर्वी शल्यविशारद चेतातंतू ओढून कापत व आत आखडू देत, किंवा त्याचे टोक स्नायूत पुरत. अलीकडे ते जवळच्या स्नायूच्या कारक शाखेस जोडतात, अथवा त्याभोवती स्नायूचा लहान तुकडा गुंडाळतात. वाढणाऱ्या तंतूंना ठिकाण मिळावे, हे यामागील तत्त्व. शाखा जोडण्याच्या पद्धतीची 2019 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेली यादृच्छिक चाचणी आशादायक आहे. परंतु तीत 28 च रुग्ण होते आणि त्यांना वेदना आधीपासूनच होती. अंगच्छेदनाच्या वेळीच हा उपाय केलेल्या 51 रुग्णांची 438 इतरांशी झालेली तुलनाही अनुकूल ठरली. मात्र ती यादृच्छिक नव्हती. म्हणून प्रतिबंधाचा दावा सावधपणेच स्वीकारावा लागतो.

निष्कर्ष :
सुधा चंद्रन यांच्या धैर्याचे मोल यामुळे उणावत नाही. परंतु त्यांचे धैर्य हा इतरांना मोजण्याचा मापदंड होऊ नये. मराठवाड्याच्या अनेक जिल्ह्यांतून रुग्ण आपल्या शहरातील घाटी रुग्णालयात येतात. त्यांपैकी कुणाचा पाय छाटावा लागला, तर ‘चेतातंतूच्या टोकाचे काय करणार?’ हा प्रश्न शस्त्रक्रियेपूर्वीच विचारला गेला पाहिजे. वर्गात अशा प्रेरककथा शिकविताना आपणही तो विचारावा. जिद्द ही उपचाराची जागा घेऊ शकत नाही.