मिराशींची मराठी आणि संशोधनाचे दार

खुल्या विज्ञानाची चर्चा सध्या बरीच होते. तीत ‘खुले’ म्हणजे ‘फुकट’ एवढाच अर्थ बहुधा धरला जातो. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांचे मराठी लेखन यंदा पुन्हा वाचताना हा अर्थ मला अपुरा वाटला.

आधी आजची स्थिती पाहू. ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० नियतकालिके आणि ६,३०० हून अधिक सरकारी संस्था, असा तिचा पसारा आहे. आडगावच्या शासकीय महाविद्यालयाला तिचा मोठा लाभ होईल, यात शंका नाही. पण हे दार संस्थेच्या नावाने उघडते. मी सदरमध्ये राहतो, दुकानांचे हिशेब लिहून पोट भरले आणि जुन्या लिप्या फावल्या वेळात शिकलो. एका ग्रंथालयात मला विचारले गेले, ‘‘आपण कोणत्या संस्थेकडून?’’ ‘‘सदरहून आलो,’’ हे उत्तर पुरले नाही.

समजा, उद्या सारे फुकट झाले. तरी प्रश्न उरतोच. ‘शोधगंगा’वरचे प्रबंध आजही कोणालाही विनामूल्य वाचता येतात. मी ते वाचतो आणि त्याबद्दल कृतज्ञही आहे. परंतु त्यांतले बहुतेक परीक्षकासाठी लिहिलेले असतात. परीक्षकाखेरीज आणखी कोणी वाचील, ही अपेक्षाच त्यांत दिसत नाही.

मिराशींचे वेगळेपण इथे जाणवते. वाशीमला १९३९ साली सापडलेल्या ताम्रपटाने वाकाटकांची वत्सगुल्म शाखा उजेडात आली. त्या ताम्रपटाच्या संपादनात मिराशींचा वाटा होता. पुढे त्यांनी वाकाटकांचे सारे लेख एकत्र केले. ‘कॉर्पस इन्स्क्रिप्शनम इंडिकारम’चा तो पाचवा खंड इंग्रजीत १९६३ मध्ये निघाला. पण ‘वाकाटक नृपति आणि त्यांचा काल’ हा त्यांचा मराठी ग्रंथ १९५७ सालचा आहे. म्हणजे मराठी वाचकाला त्यांनी जगाच्या मागून उरलेसुरले वाढले नाही; त्याचे पान आधी मांडले.

दुसरी गोष्ट पद्धतीची. देवटेकचा शिलालेख आमच्या सदरपासून जवळच, अजबबंगल्यात आहे. त्यातले चिक्कंबुरी म्हणजे देवटेकशेजारचे चिकमारा, असे मिराशींनी ठरवले. मेघदूतातला रामगिरी म्हणजे रामटेक, हे त्यांचे मतही प्रसिद्ध आहे. सरगुज्यातल्या रामगढाचा दावा खोडताना ते मोठा आधार घेतात तो प्रभावतीगुप्तेच्या ऋद्धपूर ताम्रपटाचा. दुसऱ्या प्रवरसेनाच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातले हे दान रामगिरीच्या स्वामींच्या चरणांपासून दिल्याचे त्यात म्हटले आहे. निष्कर्षाबरोबर पुरावाही वाचकाच्या हाती येतो.

आणि म्हणूनच मला त्यांच्याशी वाद घालता येतो. ताम्रपटाने सिद्ध होते ते एवढेच, की वाकाटककाळी रामगिरी नावाचे एक पवित्र स्थान होते आणि राजघराण्याचा तिथे राबता होता. कालिदासाच्या मनात तोच डोंगर होता, ही पुढची पायरी आहे. प्रभावतीगुप्ता ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी आणि कालिदास त्याच्याच आश्रयाला होता, असे धरले तर ती पायरी चढता येते. पण हे ‘धरले तर’ मिराशींच्या ठाम स्वरात काहीसे बुडून जाते. मलाही रामटेकच पटते. तरी पटणे आणि सिद्ध होणे यांत अंतर राहतेच.

दुसरा दोष भाषेचा. मिराशींचा वाचक संस्कृत जाणणारा आहे. ज्याच्या घरात संस्कृत कधी शिरलेच नाही, तो त्यांच्या उंबऱ्यावर अडखळतो. मीही अडखळलो, एकेका पानाला आठवडा लागला. दार उघडे असले तरी उंबरा उंच असू शकतो, हे त्यांच्या चाहत्यांनी मान्य केले पाहिजे.

तरीही तो उंबरा कष्टाने ओलांडता आला. संस्थेच्या परवानगीचा उंबरा कष्टाने ओलांडता येत नाही. म्हणून माझी मागणी साधी आहे. सार्वजनिक पैशावर झालेल्या प्रत्येक प्रबंधासोबत वीस पानांचे मराठी निवेदन असावे. काय शोधले, कशावरून ठरवले आणि कुठे शंका उरली, हे त्यात यावे. तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा, कारण बाहेरच्या वाचकाला कामाला लागायला जागा तिथेच मिळते. विदर्भात ताम्रपट नांगराच्या फाळाला लागूनही वर येतात. ते प्रथम हाती घेणाऱ्या माणसाला त्यांचे मोल कळावे, एवढे तरी संशोधन त्याच्या भाषेत त्याच्यापर्यंत पोचलेले असले पाहिजे. नाहीतर तो पत्रा मोडीत जातो, आणि मग १३,००० नियतकालिकांपैकी एकातही त्याची नोंद सापडत नाही.